पेरूचं डोकं, वांग्याचा देठ

एक पेरू आणि एक वांगं शेजारी शेजारी ठेवा. पेरूच्या देठाच्या अगदी उलट्या टोकाला चार-पाच वाळक्या, खरखरीत पातींचा मुकुट असतो. खाताना आपण तो आधी खुडून टाकतो. तो त्या फुलाचा निदलपुंज, फळ मोठं झालं तरी जागेवर राहिलेला. वांग्याचा निदलपुंज मात्र देठापाशीच, काटेरी टोपीसारखा. आता फळाच्या जागी फुलातला अंडाशय डोळ्यांसमोर आणा. पेरूच्या फुलात निदलं आणि पाकळ्या अंडाशयाच्या डोक्यावर होत्या, वांग्याच्या फुलात त्याच्या पायाशी. काकडीच्या टोकालाही कधीकधी वाळलेलं फूल चिकटून राहिलेलं सापडतं, म्हणजे ती पेरूच्या बाजूची.

वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या वनस्पतिशास्त्रात ‘हायपोगायनस’ आणि ‘एपिगायनस’ या दोन शब्दांवर दरवर्षी कितीतरी मुलं घसरतात. हायपो म्हणजे खाली हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून अंडाशय खाली असं ती लिहून मोकळी होतात. शब्द तसं म्हणतच नाही. ‘गायनी’च्या, म्हणजे फुलातल्या स्त्रीभागाच्या, खाली बाकीचे भाग आहेत, एवढंच तो सांगतो. बाकीचे खाली, म्हणजे अंडाशय वर. वांगं, मोहरी, जास्वंद हायपोगायनस. पेरू, काकडी आणि सूर्यफुलाची कडेची पुष्पकं एपिगायनस. गुलाब, पीच, प्लम मधले, पेरिगायनस. शब्द दहा वेळा घोकून जे पक्कं होत नाही ते भाजीच्या टोपलीत दोन मिनिटांत होतं, आणि परत विसरलं जात नाही.

मराठवाड्यातल्या मुलांबद्दल मनापासून वाटतं ते हेच, की वनस्पतिशास्त्र त्यांना नवं नाही. नवी आहे ती त्याची भाषा. सोयाबीनला फूल कधी लागतं, तूर कधी बहरते, ज्वारी पोटरीत कधी येते, हे ज्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्याच पोराला ‘मार्जिनल प्लॅसेंटेशन’ वाचून घाम फुटतो. दहावीपर्यंत हरितलवक, तंतुकणिका, जलवाहिन्या, रसवाहिन्या. अकरावीला लातूर-नांदेडला खोली घेतली, मेस लावली, की पहिल्याच आठवड्यात क्लोरोप्लास्ट, मायटोकॉन्ड्रिया, झायलेम, फ्लोएम. मूल हुशार असतं, पण तीन महिने शब्दांशी झगडण्यात जातात आणि त्याला वाटतं की आपल्याला विषयच जमत नाही.

हे तीन महिने वाचवता येतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकाचा धडा उघडण्याआधी त्यातले वीस-पंचवीस जड शब्द वहीत उतरवायचे आणि प्रत्येक शब्द फोडायचा. फिल म्हणजे पान: मेसोफिल, क्लोरोफिल, फायलोक्लेड. स्पर्म म्हणजे बीज: जिम्नोस्पर्म उघड्या बीजाचे, अँजिओस्पर्म झाकलेल्या बीजाचे. अँड्र म्हणजे पुरुष, गाय्न म्हणजे स्त्री. अडेल्फस म्हणजे भावकीसारखे एकत्र जुळलेले पुंकेसर: मोनॅडेल्फस एकाच घरात, डायॅडेल्फस दोन घरांत. अशी चाळीसेक मुळं हाताशी आली की पुढचे शेकडो शब्द ओळखीचे वाटायला लागतात. परीक्षेला मराठी माध्यम निवडलं तर प्रश्नपुस्तिका इंग्रजी आणि मराठी अशी दोन्ही भाषांत मिळते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. शिवाय मराठीत छापलेला ‘ऊर्ध्वस्थ अंडाशय’ आणि वर्गात ऐकलेली ‘सुपिरिअर ओव्हरी’ ही एकच गोष्ट आहे हे ऐन पेपरात शोधत बसायला वेळ नसतो. शिकायची भाषा आणि पेपरची भाषा एकच असावी, आणि तो निर्णय अकरावीच्या सुरुवातीलाच व्हावा.

या विषयाला किती तोलायचं याचं गणित सरळ आहे. २०२५ पासून पेपर १८० मिनिटांचा, १८० प्रश्नांचा, सगळे सोडवायचे. आधीची ऐच्छिक प्रश्नांची सोय गेली. ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणजे ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४, चुकलेल्याला वजा १. हे ९० प्रश्न पन्नास मिनिटांत हातावेगळे झाले तर भौतिक आणि रसायनाला दोन तासांहून जास्त वेळ उरतो. वनस्पतिशास्त्र पक्कं असण्याचा फायदा त्याच्या गुणांपुरता नसतो. त्यात वाचलेली मिनिटं भौतिकातल्या आकडेमोडीला मिळतात.

आता तुरीकडे येऊ, कारण तिच्या एका फुलात अर्धा धडा आहे.

दिवाळीच्या आगेमागे तूर पिवळी होते. सकाळी उमललेलं एक फूल आणि एक टपोरी पण न उमललेली कळी तोडायची. सोबत नवं ब्लेड, दोन टाचण्या, दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग आणि पांढरा कागद. उमललेल्या फुलात सगळ्यात मोठी, मागे उभी पाकळी म्हणजे ध्वज, पुस्तकातलं स्टँडर्ड किंवा व्हेक्सिलम. तिच्यावर बऱ्याचदा तांबूस रेघा असतात. दोन्ही बाजूंच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख. त्या अलगद काढल्या की खाली होडीसारखी नौका दिसते, दोन पाकळ्या कडेने जुळून झालेली. आता कळी उलगडा. ध्वज पंखांना झाकतो आणि पंख नौकेला झाकतात. कळीत पाकळ्या एकमेकींवर कशा बसतात ते एस्टिव्हेशन, आणि हेच व्हेक्सिलरी एस्टिव्हेशन. उमललेल्या फुलात हा क्रम नीट कळत नाही, म्हणून कळी लागतेच. पुस्तकातल्या आकृतीत कोणती रेघ कोणाच्या वर जाते हे मुलांच्या लक्षात राहत नाही, पण ध्वज स्वतःच्या नखाने बाजूला सारला की राहतं.

नौका टाचणीने फाडा. आत पुंकेसरांची पांढरट नळी आहे, तिच्यात मधोमध बारीक हिरवी शेंग. नळी पूर्ण बंद नसते, ध्वजाच्या बाजूने उघडी असते, आणि त्या फटीत एक पुंकेसर सुटा उभा असतो. नऊ जुळलेले, एक वेगळा. हे डायॅडेल्फस. नळी उघडून कागदावर पसरवली की भिंगाखाली परागकोश एकेक करून मोजता येतात. सुटा पुंकेसर ओढताना तुटतो, कारण मुलं नळी मधोमध फाडतात. फटीच्या बाजूने टाचणी घातली तर तो अख्खा निघतो. मग फॉर्म्युला लिहा: के (५), सी १+२+(२), ए (९)+१, जी १, आणि जीच्या खाली रेघ. के म्हणजे निदलं, सी पाकळ्या, ए पुंकेसर, जी स्त्रीकेसर. कंस म्हणजे जुळलेले, जीखालची रेघ म्हणजे अंडाशय वर. जीच्या वर रेघ आली तर अंडाशय खाली. चिन्ह उलटं वाटतं म्हणून इथे गोंधळ होतो, पण रेघ म्हणजे बाकीच्या भागांची जागा असं धरलं की पेरू-वांग्याचाच हिशोब निघतो.

महिनाभराने त्याच झाडाची हिरवी शेंग सोला. दाणे एकाच शिवणीला लटकलेले असतात, एक या फाकीला, पुढचा त्या फाकीला. अंडाशयात बिया कुठे चिकटतात ते प्लॅसेंटेशन, आणि हे मार्जिनल प्लॅसेंटेशन. भेंडी आडवी कापा, पाच कोनांत पाच कप्पे, बिया मधल्या अक्षाला चिकटलेल्या: ॲक्झाइल. टोमॅटो, लिंबू, मोसंबी याच गटात. पिवळ्या धोतऱ्याच्या बोंडात बिया भिंतीला असतात: परायटल.

पिवळ्या धोतऱ्याचं नाव निघालं म्हणून इथेच सांगतो. आपल्या बोलीतली नावं कधीकधी फसवतात. धोतरा म्हणजे दातुरा, वांग्याच्या कुळातला. पिवळा धोतरा म्हणजे आर्जिमोन, कुळ वेगळं, चीक पिवळा, आणि पुस्तक परायटलसाठी उदाहरण देतं ते याचं. निवडुंगाचंही तसंच. चपटा, पंज्यासारखा तो ओपन्शिया, आणि बांधावर कुंपणाला लावतात तो दांड्यासारखा, तोडला की पांढरा चीक गळणारा तो युफोर्बिया. दोन्हींत खोडच हिरवं होऊन पानाचं काम करतं, म्हणून दोन्ही फायलोक्लेड. पण ‘चपटं’ म्हटलं तर ओपन्शिया, ‘दंडगोलाकार’ म्हटलं तर युफोर्बिया. आजीने दोघांनाही निवडुंगच म्हटलेलं असतं.

पुस्तकाबद्दल एक गोष्ट फार मुलांना उशिरा कळते. एनसीईआरटीचं पुस्तक मध्यंतरी कमी केलं गेलं. अकरावीतून ‘वनस्पतींमधील वहन’ आणि ‘खनिज पोषण’ हे धडे गेले, बारावीतून ‘अन्नोत्पादन वाढवण्याच्या पद्धती’ आणि ‘पर्यावरणीय समस्या’. कुळांच्या भागात आता फक्त सोलॅनेसी उरलं आहे, आणि मूळ, खोड, पानांची रूपांतरं वगळली आहेत. पण राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी जाहीर केलेल्या अभ्यासक्रमात रूपांतरं आहेत, आणि पाच कुळं नावानिशी आहेत: माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपॉझिटी, ग्रॅमिनी. म्हणजे जो फक्त नवं पुस्तक वाचतो त्याचं हे सुटतं, आणि जो जुनं गाईड वाचतो तो काढून टाकलेल्या धड्यांत पंधरा दिवस घालवतो. अभ्यासक्रमाची दोन-चार पानं छापून भिंतीवर लावा, आणि कोणताही प्रश्नसंच विकत घेण्याआधी त्याची अनुक्रमणिका त्या पानांशी ताडून बघा. जुने पेपर सोडवतानाही हीच यादी शेजारी असू द्या, नाहीतर गेलेल्या धड्यांवरचे प्रश्न चुकले म्हणून मूल उगाच खचतं.

ती पाच कुळं वाचा आणि मग रानाकडे बघा. कापूस, मोहरी, तूर, करडई, ज्वारी. आयोगाने यादी करताना कोणा शेतकऱ्याला विचारलं नसेल, पण परभणीच्या कुठल्याही शिवारात ती यादी उभी आहे. पुंकेसरांवरून ही कुळं सगळ्यात लवकर वेगळी होतात. तुरीत दहा, नऊ अधिक एक. कापसात पुष्कळ, सगळ्यांचे तंतू जुळून स्त्रीकेसराभोवती एक नळी, परागकोश मात्र सुटे. मोहरीत सहा, चार लांब आणि दोन आखूड. करडईत पाच, तंतू सुटे पण परागकोश जुळलेले, कापसाच्या बरोबर उलट. ज्वारीत तीन, बारीक तंतूवर लोंबणारे, वाऱ्याने हलणारे. मोहरी आपल्याकडे थोडीच, पण परसात मुळा फुलोऱ्यावर गेला की तेच सहा पुंकेसर त्यात मिळतात.

करडईत एक अडचण आहे. कंपॉझिटीच्या धड्यात कडेची जिभेसारखी पुष्पकं आणि मधली नळीसारखी पुष्पकं असा भेद शिकवतात. करडईच्या बोंडात सगळी नळीसारखीच. तो भेद पाहायचा तर सूर्यफूल घ्यावं लागतं. कापसाच्या फुलातही रंग बघून गोंधळू नका. पहिल्या दिवशी ते फिकट पिवळसर असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. झाडावर दोन्ही रंग दिसतात म्हणून जाती दोन होत नाहीत. फुलाखालच्या तीन मोठ्या दातेरी पाती म्हणजे एपिकॅलिक्स, निदलपुंज त्यांच्या आत वेगळाच.

कापसाचा दुसरा धडा बारावीत येतो, जैवतंत्रज्ञानात. बीटी हा शब्द मराठवाड्यात बियाण्याच्या पिशवीवरून सगळ्यांच्या तोंडी आहे. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, ज्याचं अळी मारणारं विष बनवणारं जनुक कापसात घातलं तो जिवाणू. पण प्रश्न येतो तो जनुकांवर: क्राय-वन-एसी आणि क्राय-टू-एबी कापसाच्या बोंडअळीसाठी, क्राय-वन-एबी मक्याच्या खोडकिड्यासाठी. एसी आणि एबीची अदलाबदल ही नेहमीची चूक. ‘वन-एबी’ मक्याचा, एवढं एकच ठरवून ठेवा, उरलेले दोन कापसाचे. दुसरा प्रश्न असा, की विष जिवाणूच्या पेशीत असून जिवाणू का मरत नाही. तिथे ते निष्क्रिय प्रोटॉक्सिन असतं. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी वातावरणात ते विरघळून सक्रिय होतं, मधल्या आतड्याच्या पेशींना चिकटतं, छिद्रं पाडतं, पेशी फुगून फुटतात. ‘आम्लधर्मी’ हा पर्याय मुद्दाम ठेवलेला असतो.

ज्वारीकडे दुपारी जा. पाण्याचा ताण असेल तर पानं आत सुरळी करून उभी असतात. पानाच्या वरच्या बाह्यत्वचेत शिरांच्या कडेने मोठ्या, रिकाम्या, रंगहीन पेशी असतात, बुलिफॉर्म. त्या पाण्याने भरलेल्या असतील तर पान उघडं राहतं, ढिल्या पडल्या की पान आत वळतं आणि बाष्पोत्सर्जन कमी होतं. शारीररचनेच्या धड्यात ही एक ओळ आहे, आणि ती आपल्याकडे एकरच्या एकर उभी असते. ज्वारी, ऊस, मका तिघंही सी-फोर, म्हणजे हवेतला कार्बन पकडून आधी चार कार्बनचं संयुग बनवणारी. पानाच्या शिरेभोवती बंडल शीथच्या मोठ्या पेशींचं कडं, तेच क्रान्झ, म्हणजे माळ. मेसोफिलमध्ये, म्हणजे पानाच्या आतल्या हिरव्या पेशींत, पीईपी हे संयुग कार्बन पकडतं आणि चार कार्बनचं ओएए बनतं. रुबिस्को, म्हणजे साखर बनवणाऱ्या कॅल्व्हिन चक्रातलं एन्झाइम, तिथे नाही, ते बंडल शीथमध्ये. प्रश्न जवळजवळ नेहमी याच जागेवर असतो: कोणतं एन्झाइम कुठे. कॅल्व्हिन चक्र दोन्ही प्रकारांत असतंच, फक्त सी-फोरमध्ये ते बंडल शीथमध्ये चालतं. ‘सी-फोरमध्ये कॅल्व्हिन चक्र नसतं’ हे विधान वाचून घाईत बरोबर मानणारी मुलं खूप.

त्याच ज्वारीचा हुरडा. दाणा चिकात असताना दाबला की दूध येतं, तो भरत चाललेला एंडोस्पर्म, म्हणजे अंकुरासाठी साठवलेलं अन्न. हुरड्यात तो मऊ घट्ट होतो, पुढे टणक पिठूळ. एका दाण्यात तीन हिशोब असतात: वरचं साल आईचं, टू-एन, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच. पिठूळ भाग थ्री-एन, कारण दोन पोलर न्यूक्लियस आणि एक नर युग्मक. अंकुर टू-एन, पण आई-बाप दोघांचा. प्लॉइडीचा, म्हणजे अशा संचांच्या संख्येचा, कोणताही प्रश्न या एका दाण्यावर बसवता येतो. मक्याचा दाणा रात्रभर भिजवून उभा चिरा आणि टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका. पिठूळ भाग काळानिळा होतो, अंकुर पिवळटच राहतो. भिजवलेला हरभरा चिमटीत दाबला तर टोकाजवळच्या छिद्रातून पाण्याचा थेंब येतो, ते मायक्रोपाइल. हरभऱ्यात एंडोस्पर्म उरत नाही, एरंडात उरतो.

हरभऱ्यावरून आठवलं. पहाटे त्याच्यावर फडकं पसरून आंब गोळा करतात, ती पानावरच्या ग्रंथीयुक्त केसांतून झिरपलेली आम्लं. ट्रायकोम हा शब्द इतका आंबट असू शकतो हे पुस्तकात नाही.

सोयाबीनचं रोप साधारण चाळीस दिवसांचं असताना खुरप्याने मातीसकट उकरा. उपटलं तर गाठी मातीतच राहतात. गाठ ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य आहे, हवेतला नत्र पकडण्याचं काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर काम थंडावलं. खनिज पोषणाचा धडा गेला तरी या गाठीतला जिवाणू, रायझोबियम, सूक्ष्मजीवांच्या धड्यात जैवखत म्हणून आहेच, आणि त्याच्या शेजारी ॲझोस्पिरिलम व ॲझोटोबॅक्टर मुक्त राहणारे म्हणून. जोड्या लावण्यात हे तिघं एकत्र येतात.

मात्र रानातलं बघणं आणि परीक्षेत लिहिणं यांत एक मर्यादा पाळावी लागते. उत्तर पुस्तकाचं. एका ग्लुकोजपासून किती एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, मिळतात याचा आधुनिक जीवरसायनातला आकडा ३० ते ३२ च्या घरात सांगतात. पुस्तक ३८ म्हणतं, एनएडीएचला ३ आणि एफएडीएचटूला २ धरून. पर्यायांत ३८ असेल तर ३८. उदाहरणांचंही तेच. ट्विस्टेड एस्टिव्हेशनला जास्वंद, भेंडी, कापूस. इम्ब्रिकेटला कॅसिया, गुलमोहर. व्हॅल्व्हेटला रुई. समोरासमोरच्या पानांनाही रुई आणि पेरू. पुस्तकातली उदाहरणं वेगळ्या शाईने वहीत उतरवावीत, कारण जोड्या लावण्याचे प्रश्न बहुतेक तिथूनच निघतात.

वाचनाचं म्हणाल तर एका धड्याला तीन वाचनं, आणि तिन्ही वेगळी. पहिलं हातात काही न घेता. दुसऱ्यात पेन्सिलने फक्त अपवाद अधोरेखित करायचे: ‘वगळता’, ‘बहुधा’, ‘काही’, ‘नेहमी’ हे शब्द जिथे आहेत त्या ओळी. विधान एक, विधान दोन, किंवा कारण-विधान या प्रश्नांत बदललेला असतो तो नेमका हाच शब्द. तिसरं वाचन पुस्तक मिटून: आकृती आठवून काढायची, नावं लिहायची, मग उघडून लाल पेनाने दुरुस्त करायची. पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवणाऱ्या मुलाला वाचल्याचं समाधान मिळतं, आठवणीत मात्र काही उतरत नाही. उजळणी त्याच रात्री दहा मिनिटं, मग तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्याने.

चुकांची वही ठेवा, तीन रकान्यांची: माहीत नव्हतं, गोंधळ झाला, प्रश्न नीट वाचला नाही. दर रविवारी रकाने मोजा. तिसरा रकाना भरत असेल तर आणखी वाचून उपयोग नाही. ‘अयोग्य विधान ओळखा’मधल्या ‘अयोग्य’भोवती पेनाने गोल करायची सवय लावावी लागते, आणि ती घरच्या प्रत्येक सरावात लागली तरच पेपरात हात आपोआप जातो.

तुरीच्या फुलाचे सुटे केलेले भाग पारदर्शक चिकटपट्टीखाली वहीत चिकटवा, शेजारी फॉर्म्युला, खाली तारीख. पाच कुळांची पाच पानं. जानेवारीत करडई, त्याआधी ज्वारी, पावसाळ्यात भेंडी आणि कापूस. एप्रिलमध्ये रानात काही उभं नसतं, आणि उजळणी नेमकी तेव्हाच असते. त्या महिन्यात सराव पेपर दुपारी दोन ते पाच याच वेळेत सोडवायला बसा, कारण खरा पेपरही त्याच वेळी असतो. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात, तेव्हा जेवण साडेबाराच्या आत उरकून घ्या, हलकं घ्या, आणि पाण्याची बाटली टेबलावर, हाताच्या अंतरावर ठेवा.